दिवाळे जेट्टीवरची हजेरी

बसमधून उतरलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता.
चिखल होता, राखाडी, चकचकीत,
पार मधल्या पाण्याच्या बारीक रेघेपर्यंत,
आणि त्यात एका कुशीवर कललेल्या दोन होड्या,
जेवण करून ओट्यावर आडव्या झालेल्या माणसांसारख्या.

एक्केचाळीस पोरं. रात्रभराचा प्रवास, डोळ्यांत चिपडं,
प्रत्येकाच्या गळ्यात माझ्या हातानं लिहिलेला पुठ्ठा:
नाव, शाळा, लोणारच्या पुढचं गाव, माझा मोबाइल.
"बाई, समुद्र कोठी हाये?"

एकोणीस वर्षं मी फळ्यावर भरती-ओहोटी काढतेय.
पिवळ्या खडूचा चंद्र, निळ्या खडूचं पाणी,
मधे एक बाण.
बाणाला कधी असा वास आला नव्हता.
आणि हे मी मुख्याध्यापकांनाही बोलले नव्हते
की मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघणार आहे.

जवळा निवडत बसलेली एक बाई मान वर न करता म्हणाली,
"येल गो बाय, चारच्या सुमाराला येल."
जसं काही कोणी बाजाराला गेलं होतं.

फिरदोसनं डबक्यात बोट बुडवून चाटलं.
"बाई, हे तं आपल्या सरोवराचंच पाणी हाये!"
सगळी हसली. मग एकेकानं चाटून पाहिलं.
मी ओरडायला हवं होतं.

साडेतीनला मोजली. चाळीस.
उलटीकडून मोजली, पुठ्ठे हातात धरून मोजली,
बसखाली वाकून पाहिलं.
सुमेध डोंगरदिवे. सातवी ब. अक्षर बरं, गणित कच्चं.
कराळे सरांना म्हटलं, ह्यांना हलू देऊ नका,
आणि पळाले.
मासळीच्या टोपल्या, देवळाचा चौथरा, टॉवरांची गेटं,
वॉचमन विचारतो, कोणत्या सोसायटीच्या?
माझ्या गळ्यात पुठ्ठा नव्हता.

सापडला तो किल्ल्याच्या सिग्नलवर,
दुभाजकाच्या कडेला उकिडवा, हातात बॉलपेन.
समोरून ट्रेलर, ट्रेलर, ट्रेलर,
न्हावा-शेव्याकडे निघालेल्या लाल-निळ्या लोखंडी खोल्या.
तो तळहातावर लिहीत होता:
त्रेचाळीस, शेहेचाळीस, एनएल शून्य एक.
थापडेसाठी हात उचलला होता मी.
"बाई," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला,
"आपली अठ्ठावीस अजून नाय आली."

दोन दिवाळ्यांपूर्वी ह्याचा बाप कंटेनरवर गेला.
आधी दर रविवारी फोन. मग महिन्याला.
मग तो नंबर अस्तित्वात नाही असं सांगणारी बाई.

काय करणार, बसले.
साडीचा काठ टायरांच्या वाऱ्यानं फडफडत होता.
डावीकडच्या पाट्या मी वाचल्या, उजवीकडच्या त्यानं.
किती वेळ, माहीत नाही.
एक अठ्ठावीस आली, लाल दिव्याला थांबली.
सुमेध धावला, केबिनखाली टाचा उंच करून नाव सांगितलं,
आडनाव सांगितलं, गाव सांगितलं.
ड्रायव्हरनं मान हलवली.
हो की नाही, ते कळायच्या आत
सिग्नल हिरवा झाला.

परत आलो तेव्हा होड्या उभ्या होत्या.
पायऱ्या पाचच उरलेल्या, बाकीच्या पाण्याखाली.
आणि चाळीस तोंडं एकदम:
बाई, तुम्ही असाले पायजे होतं!
बाई, ते धावून नाय येत. आवाजच नाय करत.
बाई, चिखलातून बुडबुडे आले पहिले,
मंग ते खालूनच फुगलं, तव्यावरच्या भाकरीवानी.
बाई, तुम्ही शिकवलं तसं नाय ते.

नसेल, मी म्हटलं.
नीट सांगा बघू परत, पहिल्यापासून.

बसमध्ये मोजली. एक्केचाळीस.
पनवेलच्या पुढे ढाब्यावर थांबलो.
सगळ्यांना नळाकडे पिटाळलं, साबण लावा, नखं दाखवा.
सुमेध तेवढा बाकावरच बसून राहिला,
उजवी मूठ मिटलेली,
आणि डाव्या हातानं पोळी तोडायला लागला.
मी त्याच्या ताटात भाजी वाढली.
हात धुतलास का, ते विचारलं नाही.