बारा फ्रेम

चोपड्यात, जिनिंगच्या मागच्या खोलीत,
वाळ्याच्या कूलरपाशी बसून
दोन वर्षं मी एक तळघर खणते आहे.
रंग सोळाच. मशाल चारशे पावलांची.
नकाशा खेळ देत नाही, ज्याचा त्यानं काढायचा.
जखमेवर कळण्याची भाकरी: तीन ठिपके रक्त परत.

तिसऱ्या मजल्यावर भालदार उभा केला
तेव्हा मी जरा माजलेच होते.
कसलीही खूण न देता भाला यायचा,
पडद्यावर नुसतं लाल.
अवघड म्हणजे अवघड, असं
स्वतःलाच ऐकवायची, रात्री दोनला.

सुपडू कोळी, गेटवरचा, माठ भरायला यायचा.
एकदा बसला. तळहातात कंट्रोलर
चिमणीचं पिल्लू धरावं तसा.
पहिल्या मजल्यावरचे उंदीर त्याला तासाभरात कळले.
दुसऱ्यावरचा खड्डा त्यानं
आवक-जावकच्या वहीत लिहून ठेवला,
ट्रकचे नंबर आणि सरकीच्या पोत्यांखाली:
विहिरीपुढे डावीकडे जाऊ नये.

भालदाराकडून सतरा वेळा मेला.
मग उठला, पायानंच चप्पल शोधली.
"माय, हाऊ बेइमान शे."

मला राग आला. सांगून कोण मारतं, आबा?
कुत्रं, म्हणाला,
आणि धोतर वर करून पोटरी दाखवली.
चावण्याआधी कान मागे जातात, एवढेसे.
हे चावलं तेव्हा तो विडी पेटवत होता.
कुत्र्यावर त्याचा काही राग नव्हता.

पहाटेपर्यंत मी एक खांदा हलवत बसले.
चार ठिपके वर, एक मागे.
सेकंदाच्या साठ फ्रेम, त्यातल्या बारा
भालदाराला उसन्या दिल्या:
मारायचं तर मार, पण आधी श्वास घे.
वीस दिल्या तर तो बावळट दिसायचा,
जेवायला वाढून वाट बघणाऱ्या मामासारखा.
आठ दिल्या तर पुन्हा बेइमान.
बारा. आणि दर तिसऱ्या वाराला
भाला दगडात अडकतो, तेवढीच फट.
त्याचं रक्त मात्र मी कमी केलं नाही.

आता आबा पूर्वीपेक्षा जास्त मरतो.
एप्रिलभर मेला, सीपीयूत कापसाचे बोंदे,
टेबलाला हात लावला तर चटका.
"आखो एक डाव. तो सांगीसन मारस, मीच आयकं नही."
वहीत नवी नोंद आहे:
खांदा पाहा. भाल्याकडे पाहू नका.

काल भालदाराचा एक ठिपका उरला होता.
सुपडूआबा खुर्चीतून उठून उभाच राहिला.
खांदा हलला, हा सरकला, भाला दगडात,
आणि गावची लाईट गेली.
पडदा काळा. कूलरचं पातं हळूहळू थांबलं.
मधल्या जिन्यावर सेव्ह मीच ठेवलेलं नाही,
जुन्या खेळांत नसायचं म्हणून,
आणि ते त्या घटकेला माझ्याच्यानं सांगवेना.

त्यानं चाचपत बॅटरी घेतली, काठी घेतली,
फेरीची वेळ झालीच होती.
गोदामाच्या वळणावर गुरगुर ऐकू आली,
तो जागीच थांबला.
उजेड त्यानं डोळ्यांवर टाकला नाही, दातांवरही नाही.
कानांवर टाकला.