बर्फ-४

हर्णैच्या बर्फ फॅक्टरीचा माळा, अमोनियाचा वास,
आणि मी पुन्हा तीच एक ओळ टाइप करते:
नवा प्रकल्प. नाव, बर्फ-४.

बर्फ-१ मध्ये लॉगिनचं पान इतकं देखणं केलं
की आत जाण्यासारखं काही उरलंच नाही.
बर्फ-२ चं नाव मी घेत नाही.
बर्फ-३ चं पुढे सांगते.

फ्रेमवर्क प्रश्न विचारतं,
लग्नाची यादी करताना मामी विचारते तसे:
डेटाबेस कुठला? चाचण्यांचा फोल्डर हवा?
हो. हो. चालेल. एंटर.

मग पॅकेजेस उतरू लागतात, अकराशे बेचाळीस,
मी न पाहिलेल्या गावांतल्या माणसांनी लिहिलेली.
नेटवर्क फक्त खिडकीच्या डाव्या गजापाशी येतं,
तिथे फोन सुतळीने बांधलाय.
एकसष्ट टक्क्यांवर अडकलं.
खाली यंत्रात घरघरत लादी फुटते,
शरफूचाचा ओरडतात, "भागीरथी, चौदा!"
कानावरची पेन्सिल निघते, वहीत चौदा उमटतात,
पेन्सिल परत कानावर.
माझे एकसष्ट.

शेवटी फोल्डर उभे राहतात, रिकामे आणि शिस्तीत,
आणि ब्राउझरमध्ये पान येतं:
अभिनंदन, तुमचं ॲप सुरू आहे!
काहीही केलेलं नसताना इतकं मनापासून अभिनंदन
माझं दहावीलाही झालं नव्हतं.
पत्ता लोकलहोस्ट, तीन हजार.
म्हणजे या माळ्याबाहेर कुणालाच सापडणार नाही.
समोर सुवर्णदुर्ग दिसतो,
त्याला निदान होडी तरी लागते.

आता पहिलं टेबल, होडी.
नाव, नंबर, तांडेल, मालक.
बर्फ-३ इथेच बुडालं.
मालक: आवश्यक. एका होडीला एकच. रिकामं चालणार नाही,
असं मी ठणकावून लिहिलं होतं.
मग पाजपंढरीच्या द्वारकाबाई पावसे आल्या
लिलाव उरकून, काखेत रिकामी पाटी.
"माझी होडी दाखव गं त्यात."
दाखवली. मालक: हरेश्वर पावसे.
"बरोबर हाय," म्हणाल्या.

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी वहीकडे.
हरेश्वरला जाऊन तीन दिवाळ्या झाल्या.
लायसन थोरल्याच्या नावावर, तो कुवेतला,
कर्ज धाकट्याच्या, डिझेलची उधारी बाईंच्या अंगठ्यावर,
आणि बर्फ अजून हरेश्वरच घेतो.
"बदलू का?"
"कशाला? बर्फ काय, इतळतोच."

वहीत हरेश्वरच्या नावाखाली एक बारीक रेघ आहे.
रेघेचा अर्थ चाचांना माहीत, बाईंना माहीत,
बाहेर बैलगाडी धरून उभ्या पोरालाही माहीत.
माझ्या स्कीमात रेघ हा प्रकारच नव्हता.

म्हणून आज मालकांचं टेबल वेगळं.
एका होडीला कितीही, कधीपासून, कधीपर्यंत,
आणि शेवटचा रकाना रिकामा चालेल.
याला मायग्रेशन म्हणतात.
आमच्याकडे ते करून माणसं कुवेतला जातात.
इथे फक्त रकाना जागा बदलतो,
आणि चुकलं तर एका आज्ञेत परत येतो.

एका रकान्याला मात्र नाव सुचेना.
जिन्यावरून खाली वाकून चाचांना विचारलं.
"रेघ लिही की," म्हणाले, वर न बघता.
लिहिलं. रेघ: हो किंवा नाही.
सांगितलं नसेल तर, नाही.

पहिली कमिट. संदेश: सुरुवात.
आधी तीनदा हाच होता.

खाली पुन्हा घरघर.
"हरेश्वर, नऊ!"
टेबल अजून तयार नाही.
मी नऊ तळहातावर लिहून ठेवते.