सातव्या दाराचे पाठभेद

सापोरोत मंगळवारपासून बर्फ पडतोय.
चौथ्या मजल्यावर, हीटरला पाठ टेकून,
रेन्जी माझ्यापुढे तक्ता सरकवतो:
आडवी वर्षं, उभे तपशील.
"कुवाबारा-सान, एवढं भरून द्या.
नव्या आवृत्तीत तरी सगळं जुळायला हवं."
पहिला खेळ आला तेव्हा हा जन्मला नव्हता.

प्रसंग तोच.
अवकाशस्थानकाचं सातवं दार.
आत मेकॅनिक सेत्सू, पलीकडे यानात दोर्ना,
मधे काच.
यानातली हवा एकालाच पुरेल एवढी.

पहिल्या खेळात बटण सेत्सू दाबते.
नऊ वर्षांनी, तळहातावर मावणाऱ्या खेळात,
तेच बटण दोर्ना दाबतो,
आणि घड्याळात चार-दहाचे चार-सतरा झालेले असतात.
(त्या सात मिनिटांत काय झालं
हे कुठल्याच खेळात नाही.)
मग दुसऱ्या भागात म्हातारा दोर्ना हे सगळं आठवतो
तर बटणच नाही!
दार आपलं आपण मिटतं,
जसं काही कुणी कुणाला सोडलंच नव्हतं.

हात मात्र माझा.
म्हणजे सेत्सूचा, पण मी काढलेला,
आलेखाच्या कागदावर, चौकोन मोजत, पेन्सिलीनं.
मी चार चौकटी मागितल्या होत्या.
नागामिने म्हणाला, मेमरी संपली, तीन घे.
तर तो हात अर्ध्यावर येतो आणि थांबतो.
कुणाला तो निरोप वाटला, कुणाला "थांब".
कुशिरोच्या एका माणसानं पत्र पाठवलं:
अँब्युलन्सच्या मागच्या काचेतून
बायकोचा हात अगदी एवढाच वर आला होता,
तुम्हाला कसं कळलं?
मला काय कळणार. जागा नव्हती.

आणि तिचं वाक्य.
पहिल्यांदा ती म्हणते, "जा."
नंतर अक्षरांना जागा मिळाली
तेव्हा म्हणते, "जाऊन ये."
जो परत येणार नाही हे दोघांनाही माहीत आहे
त्याला.
इतारूनं लिहिलेलं. मी त्याला विचारलं होतं एकदा,
जिन्यात, तो सिगारेट विझवत असताना:
खरं बटण दाबलं कुणी?
तो म्हणाला, "विसरलो बुवा,"
आणि माझ्या थर्मासमधलं मक्याचं सूप पिऊन टाकलं.

इतारू गेला त्याला तीन वर्षं झाली.
त्या संध्याकाळी आम्ही जुने पाच जण बसलो होतो,
त्याचा ऑफिसातला शेवटचा दिवस सांगत.
मी म्हटलं, निळा मफलर होता.
नागामिने म्हणाला, इतारूनं जन्मात मफलर घातला नाही.
कुणी म्हणालं, तो लिफ्टनं गेला,
कुणी म्हणालं, लिफ्ट त्या दिवशी बंद होती.
साकी ओतता ओतता भांडण लागलं, खरंखुरं,
आणि त्याची बायको चियोको
आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती,
प्रत्येकाकडून वेगळा नवरा घेत.
तिनं एकालाही दुरुस्त केलं नाही.

"बटण कुणी दाबलं?" रेन्जीचं बोट पहिल्या रकान्यावर.
मी लिहिते: खालची ओळ पाहा.
खालच्या ओळीत: त्याखालची.
सगळ्यात शेवटी: वरची पहिली.
तो वाचतो, पुन्हा वर जातो, पुन्हा खाली.
मग हसतो. मग हसायचं थांबतो.
"आणि ती चौथी चौकट? तिच्यात काय होतं?"

तो कागद घरी आहे, चहाच्या डब्याखालच्या खणात.
मी म्हणते, "आठवत नाही."

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी येते,
तिचा नारिंगी दिवा छतावरून फिरून जातो.
रेन्जी तक्ता साठवतो. नाव देतो: अंतिम.
क्षणभर थांबतो.
पुढे तीनचा आकडा लावतो.