शेवटून पहिला

कुडतरीच्या क्लबाची वही माझ्याकडे आली
ती अक्षर बरं म्हणून. फुटबॉल मला कधी कळला नाही.
मराठी शाळेचा मास्तर मी;
ऑफसाइड म्हणजे काय, असं कुणी विचारलं
तर अजूनही चष्मा पुसत बसतो.

काइतान रेबेलो अमेरिकेतून परतला,
क्लीव्हलंडला सतरा वर्षं आधी भांडी घासून, मग सूप ढवळून,
आणि म्हणाला, आपल्या चार वाड्यांनाही ड्राफ्ट पाहिजे.
आम्हाला वाटलं, बँकेचा.

तिथला चेंडू म्हणे अंड्यासारखा,
पायापेक्षा हातातच जास्त.
पण पोरं वाटून घ्यायची रीत बघा:
जो सगळ्यात खाली, तो पहिला उचलतो.
कधीकाळी टोपीत चिठ्ठ्याही टाकत;
एकदा चिठ्ठी लागली की पुन्हा टोपीत हात घालायचा नाही,
बाकी सगळ्यांची लागेस्तोवर.
आणि अगदी पहिल्या वर्षी ज्याचं नाव पहिलं पुकारलं
तो गडी खेळायला गेलाच नाही.
हे ऐकून पाववाला पदेर सर्वात जोरात हसला.

नियम १, निळ्या शाईत: शेवटचा वाडा आधी निवडेल.
दोन वर्षांत वाडे हरण्यासाठी घाम गाळू लागले,
गोलकीपर जाळ्याला टेकून शेंगदाणे सोलत.
नियम १ खोडला.
नियम २: टोपी. फादरांची नको, भटांची नको,
म्हणून पोस्टमनची.
जुलैत चिठ्ठ्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या,
तंटा पंचायतीत गेला.
नियम ३ वाळवीने खाल्ला.
नियम ४: आई ज्या विहिरीचं पाणी भरते, पोर त्या वाड्याचं.
नळ आले तेव्हा हा आपोआप मेला.

नियम ५: उद्याचं पोर आजच राखून ठेवता येईल.
डावऱ्या पायाच्या सात वर्षांच्या आवेलिनला
तळ्यामाथ्याने दहा वर्षं आधी अडवून ठेवलं,
त्याच्या आईला दर नाताळात दोदोल पोचवलं.
सतराव्या वर्षी तो पासपोर्ट घेऊन स्विंडनला गेला.
दोदोलाची नोंद जमाखर्चात आहे.

नियम ६: चार मिनिटांत नाव सांगा, नाहीतर मागचा पुढे घुसेल.
टेबलावर रेबेलोचं गजराचं घड्याळ.

नियम ७ त्याचा लाडका.
तिथे जो सगळ्यात शेवटी निवडला जातो
त्याच्या नावाने मोठा सोहळा करतात.
आपणही करू. ब्रास बँड, कागदी मुकुट.

त्या वर्षीचं शेवटचं नाव होतं दिनार.
माझा.
वहीत तेवढंच एक नाव वाकडं आहे.
पुढे बँड, मागे तो, मुकुट एका कानावर घसरलेला,
बाल्कावांतून बाया हात हलवत होत्या.
घरी येऊन त्याने मुकुट चुलीत घातला.
"बाबा, एखादा नियम माझ्यासाठी करायचा होता."
मी म्हटलं, माझं काम लिहायचं.
हे उत्तर कितीदा खोडलं मी,
कुठल्याच पानावर नाही ते, म्हणून खोडलं जात नाही.

यंदा वाडे चार, पोरं नऊ.
पहिल्या फेऱ्यांतली जुनी नावं दोह्याला, जहाजांवर,
एक तर कॅनडात ट्रक चालवतो.
रेबेलो गेला. घड्याळ राहिलं.
तळ्यामाथ्याची चार मिनिटं संपली, गजर झाला,
आता मागच्याने घुसायचं,
तर मागची खुर्ची रिकामी.
गजर वाजतच राहिला.

मैदानावर चुन्याची रेघ अर्धी टाकून दिनार आत आला,
गुडघ्याला पट्टा, कोपरापर्यंत पांढरा,
घड्याळाच्या पाठीवर एक थाप मारली
आणि विचारलं, "कितवा नियम चाललाय?"

मी पान उलटलं.
नियम ८, एवढं लिहून पेन टेकवलं.
तो मागे उभा होता, चुन्याचा वास येत होता.
"लिही," तो म्हणाला. "मी वाचतोय."