मुद्देमाल

हरसूलच्या बाजारातून मागून आणलेला
कांद्याचा काटा. त्यावर खवले.
एक किलो सातशे ग्रॅम.
यमुना भोये, वनरक्षक, पंचनाम्यात लिहिते:
'प्राणी आढळून आला नाही.'
पिशवी सीलबंद. उद्या नाशिकला, कोर्टात.

भाऊ लागोसच्या गोदीत क्रेन चालवतो.
फोनवर म्हणाला, ताई, काजूच्या पोत्यांखाली
टनांनी निघालं इथं.
मला आपल्याकडचंच वाटलं.

खवले मांजर पळत नाही.
भ्यालं की अंगाचं मुटकुळं करतं,
वाघाचा दातही लागत नाही मग.
माणसाला मात्र
मुटकुळं उचलायला सोपं.

रात्री नखं काढू नयेत, आई म्हणायची.
यमुना काढते.
दहा तुकडे तळहातावर. तोच पदार्थ,
काट्यावर काहीच भरणार नाही.

केरात टाकवत नाहीत.