दहा आणे

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस गोळी बंद ठेवून बघू.
पोटऱ्या गोळीनं दुखत असतील तर थांबतील,
नसतील तर...
पुढचं बोलले नाहीत, पुढच्या पेशंटची फाइल उघडली.

वडगावात, बाजार गल्लीच्या कोपऱ्यावर
मेडिकलात शिवलीला बसते.
सौंदत्तीची पोरगी, मराठी इथं येऊन शिकलेली.
विचारलं, आज सोडली तर अंगातून कधी जाईल गे?
"एकदम जात नाही ओ ओमाण्णा काका.
चौदा तासात अर्धा जातंय, अर्धा उरतंय.
परत चौदा तास, उरल्याचा अर्धा."
अर्धा तिच्या भाषेतही अर्धाच.

बिलाच्या पाठीवर तिनं आकडे मांडून दिले, टिंबं देऊन.
मला टिंब कळत नाही.
घरी येऊन माझ्या हिशेबानं लिहिलं:
रविवारी रात्री साडेनऊ, बातम्या संपताना, दहा.
सोमवारी साडेअकराला पाच.
मंगळवारी पहाटे दीडला अडीच (जागाच होतो).
दुपारी साडेतीनला सव्वा.
बुधवारी साडेपाचला, नळाला पाणी आलं तेव्हा,
दहा आणे.
संध्याकाळी पाच आणे.
मग लिहायचं सोडलं.

ती असंही म्हणाली होती,
चरबी नुसती खाल्ल्यानं होत नाही,
लिव्हर स्वतःच तयार करतंय, रात्रपाळीला जास्त.
गोळी तिथं जाऊन पट्टा उतरवून ठेवते.
म्हणजे पट्टा हा माझा शब्द. तिनं दुसरं काहीतरी सांगितलं होतं.
खरं मला लगेच समजलं.
पट्टा उतरवला की माग थांबतो, मोडत नाही.
चढवला की परत सुरू.
आणि औषध निघून गेल्यावरही असर थोडा राहतोय म्हणे,
जॉबर जेवायला गेला तरी
पोरं घटकाभर दबकून असतात, तसा.

शुक्रवारी अंगात गोळी नव्हती.
काहीच वाटलं नाही. हात तोच, भूक तीच.
डावी पोटरी तीच.
दहाव्या दिवशी, बाराव्या दिवशी तीच.

चौदाव्या दिवशी परत मेडिकलात गेलो.
म्हटलं, शिवलीला, अजून एक हिशेब करून दे.
सोळाव्या वर्षापासून दोन मागांच्या मधे उभा होतो.
माग भंगारात गेले, किलोच्या भावानं, त्याला सहा वर्षं झाली.
रात्री अंथरुणात पाय अजून ताल धरतो.
धोटा अडकला की दचकून उठतो,
धोटाच नाही घरात.
ह्याचं अर्धं किती तासांनी?

तिनं मागच्या फळ्यांकडं बघितलं,
एखाद्या खोक्यावर छापलेलं असेल तसं.
मग म्हणाली, "उद्या डॉक्टरला खरं काय ते सांगा काका."

डॉक्टरांनी पोटरी दाबली.
किती वर्षं उभं राहण्याचं काम, विचारलं.
सांगितलं.
गोळी चालू करा, म्हणाले.

रात्री साडेनऊ. दहा.