माया

सॉवर्बी ब्रिजला जानेवारीत कालव्याचा एक टप्पा रिकामा करतात.
तळाच्या गाळातून निघतात सायकली, दुकानातल्या ट्रॉल्या,
आणि काठावर मी, हेल्मेट, मांडीवर लॅपटॉप.
दगड माझा नाही, लाकूड माझं नाही.
मी दिवस मांडते.

लॉकचे कुजके दरवाजे काढायचे, भिंतीचे सांधे भरायचे,
ओकचे नवे दरवाजे बसवायचे,
चौदा मार्चला पाणी सोडायचं.
ती तारीख हलत नाही. खालच्या अंगाला बोटी थांबल्यात,
धुराड्यांतून कोळशाचा वास.

पडद्यावर एक रेघ लाल:
दरवाजे, क्रेन, पाणी.
तिच्यातलं काहीही दिवसभर लांबलं
की शेवट दिवसभर लांबतो.
बाकीच्या निळ्या. त्यांच्या शेपटीला थोडी रिकामी जागा असते,
तिला आम्ही फ्लोट म्हणतो.

नवा पोरगा म्हणाला, भिंतीला सहा दिवस फ्लोट आहे,
सोमवारी सुरू केली तरी चालेल ना?
बाबा रे, ते सहा एकट्याचे नाहीत.
उकरणाऱ्याने चार खाल्ले
तर सांधे भरणाऱ्याच्या पानात दोनच उरतात.
कुणाचंही न अडवता घेता येईल असा फ्लोट
इथे फक्त कठड्याच्या रंगाला आहे.

फेब्रुवारीत सहाच्या सहा संपले
आणि अ‍ॅक्रॉइड गवंडी आला, टोपी हातात.
ब्रॅडफर्डच्या कोर्टात नातवाच्या ताब्याचा खटला.
दोन दिवस हवेत.
फ्लोट प्रकल्पाचा, मॅनेजर म्हणाला, माणसांचा नाही.
करारात लिहिलंय.
लिहिलंय खरं.

पण चुना वाळायला मी सात दिवस धरले होते.
पाच पुरतात.

इचलकरंजीला आई पोरींची पोलकी शिवायची.
बेतताना बोटभर कापड जास्त,
शिवणीच्या आत दुमडलेलं.
त्याला ती माया म्हणायची.
माया ठेवावी, पोर वाढतं.
गिऱ्हाइकाला ती दिसत नसे. पुढच्या दिवाळीला
शिवण उसवली की तेच पोलकं
पुन्हा अंगाला बसे.

बारा वर्षं मी फ्लोटला मराठी शोधत होते.
सवड म्हटलं तर आळशी वाटतं,
ढील म्हटलं तर पतंग.

जा, मी अ‍ॅक्रॉइडला म्हटलं.

त्याच रात्री उणे चार.
गारठ्यात चुना धरत नाही.
गोणपाटं अंथरली, हीटर लावले, तरी
दोन दिवस पिठासारखे झडून गेले.
माझी निळी रेघ लाल झाली.
मॅनेजर काही बोलला नाही,
ते बोलण्याहून वाईट.

अ‍ॅक्रॉइड शुक्रवारी आला. निकालाचं मी विचारलं नाही,
त्याने सांगितलं नाही.
गोणपाट उचलून सांध्यात बोट घातलं, बोटाला लागलेलं
पँटला पुसलं.
शनिवार-रविवार येतो, म्हणाला.
त्याचे पैसे मांडू नका.

पैसे मी मांडले.
मग कॅलेंडर उघडलं. त्यात शनिवार-रविवार
राखाडी असतात, घट्ट शिवलेले.
ते दोन तेवढे
उसवले.